वाळूखालचा समुद्र

वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं काय येतं? वाळूच्या टेकड्या, वर तापलेलं आभाळ आणि एखादा उंट. कॅलेंडरवाल्यांनी आणि सिनेमावाल्यांनी हे चित्र आपल्या मनात पक्कं बसवलं आहे. ते खोटं नाही, पण फार अपुरं आहे.

राजस्थानात अगदी पश्चिमेच्या टोकाला जैसलमेर आणि बाडमेर असे दोन जिल्हे आहेत. या दोन जिल्ह्यांत मिळून एक मोठं राखीव रान आहे. त्याचं नाव मरुभूमी राष्ट्रीय उद्यान. मरुभूमी म्हणजे वाळवंट. सरकारनं १९८० साली हे रान पशुपक्ष्यांसाठी राखून ठेवलं. त्याचं क्षेत्रफळ ३,१६२ चौरस किलोमीटर आहे. उपनगरांसकट सगळी मुंबई धरली, तर तशा पाच मुंबया या रानात मावतील.

आता अंदाज करा. एवढ्या मोठ्या वाळवंटी रानात वाळूच्या टेकड्यांनी किती जागा व्यापली असेल? फार तर पाचव्या हिश्श्याच्या आसपास. बाकीच्या जागेत उघडा खडक आहे, खड्यांची माळरानं आहेत, सुकलेली खारट तळी आहेत आणि सेवण नावाच्या गवताची कुरणं आहेत. वाळू ही वरची चादर आहे, आणि तीही जागोजागी फाटलेली. त्या फाटक्या जागेतून जो दगड दिसतो, त्याची गोष्ट आम्ही इथं सांगणार आहोत. ती नुसती गंमत म्हणून सांगत नाही. त्या रानात आणि त्याच्या आसपास हजारो माणसं राहतात, शेळ्या-मेंढ्या पाळतात, थोडीफार शेती करतात. ती माणसं पाणी कुठलं पितात, या प्रश्नाचं उत्तर त्या दगडात आहे.

आपल्याकडं विहीर खणताना काय लागतं ते तुम्हांला ठाऊकच आहे. आधी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या आणि शेवटी काळा कातळ. तो काळा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हारस. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन फाटून तो वर आला आणि आपला बहुतेक महाराष्ट्र त्याखाली झाकला गेला. जैसलमेरला मात्र हा काळा कातळ नाही. तिथं थर आहेत ते वाळूचे, चिखलाचे आणि शिंपल्यांचे. एकावर एक रचलेले, आणि बरेचसे आपल्या कातळाहून कितीतरी जुने.

सगळ्यांत खाली आहे तो कठीण पाषाण, ७५ कोटी वर्षांच्या आसपासचा. तो ज्वालामुखीतून आलेला आहे. बाडमेरजवळच्या टेकड्या त्याच्याच आहेत, आणि जोधपूरचा प्रसिद्ध किल्लाही त्याच पाषाणावर उभा आहे. त्याच्याबद्दल इथं जास्त सांगत नाही. घराचा पाया समजा, एवढं पुरे.

पायाच्या वरची एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. जैसलमेरच्या पूर्वेला, फलोदीकडे, बाप नावाचं गाव आहे. हो, गावाचं नावच बाप! त्या गावाजवळ मातीत रुतलेले मोठमोठे गोटे सापडतात. काही गोट्यांवर ओरखडे आहेत, कानशीनं घासावेत तसे. हे ओरखडे कुणी काढले? बर्फानं. डोंगरावरून बर्फाची नदी हळूहळू सरकते, तेव्हा ती दगड बरोबर ओढत नेते. ते एकमेकांवर आणि तळच्या खडकावर घासले जातात. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी हा सगळा मुलूख दक्षिण ध्रुवाकडं होता आणि तिथं बर्फ होतं. आज तिथं मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो.

तुम्ही म्हणाल, जमीन एका जागेवरून दुसऱ्या जागी जाते कशी? जाते, पण फार सावकाश, वर्षाला काही बोटं इतकी. आपली भारतभूमी पूर्वी आफ्रिका, मादागास्कर, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण ध्रुवाची जमीन यांना चिकटलेली होती. मग ती सुटली आणि उत्तरेकडं सरकत सरकत आज आहे तिथं आली. वर्षाला चार बोटं धरली, तरी कोट्यवधी वर्षांत हजारो कोस होतात. हिशेब करून पाहा.

आता १८ कोटी वर्षांपूर्वीचं जैसलमेर पाहू. तेव्हा तिथं वाळवंट नव्हतं. हवा दमट आणि उबदार होती. नद्या वाहत होत्या, काठांवर मोठमोठी झाडं होती. पुरात झाडं उन्मळून पडत, वाहत येत आणि नदीच्या वाळूत गाडली जात. वाळूखाली हवा पोचत नाही, त्यामुळं लाकूड लवकर कुजत नाही. वाळूतून झिरपणाऱ्या पाण्यात गारगोटीचं द्रव्य विरघळलेलं असतं. ते पाणी लाकडात मुरलं. लाकडाचा कण गेला की त्या जागी गारगोटीचा कण बसला. असं होता होता सगळं झाड दगडाचं झालं. पण आकार तसाच राहिला. साल, रेषा, गाठी, सगळं जसंच्या तसं!

ही दगडी झाडं आजही पाहता येतात. जैसलमेरहून बाडमेरच्या रस्त्यानं सुमारे सतरा किलोमीटर गेलं की आकल नावाचं गाव लागतं. तिथं माळावर अशी पंचवीसेक खोडं पडलेली आहेत. सरकारनं ती जागा कुंपण घालून राखली आहे. खोडांवर लोखंडी जाळ्या बसवल्या आहेत, नाहीतर लोकांनी तुकडे तुकडे करून घरी नेली असती. त्या माळावर आज सावलीला एक मोठं झाड मिळणं कठीण, आणि पायांशी मात्र अख्ख्या जंगलाचं लाकूड पडलेलं!

ज्या वाळूत ही झाडं गाडली गेली, ती वाळूही दाबली जाऊन दगड झाली. त्या वाळूच्या दगडाला भूशास्त्रज्ञ लाठीचा थर म्हणतात, कारण लाठी नावाच्या गावाजवळ तो चांगला दिसतो. हे नाव ध्यानात ठेवा. पुढं पाण्याची गोष्ट येईल तेव्हा ते पुन्हा लागणार आहे.

त्यानंतर समुद्र आला. एका रात्रीत नव्हे, लाखो वर्षं घेऊन. पश्चिमेकडून पाणी चढत चढत या मुलुखावर आलं. उथळ, कोमट समुद्र. त्यात प्रवाळ वाढले, शंख-शिंपल्यांचे जीव जगले आणि मेले, त्यांची कवचं तळाशी साचली. त्या कवचांचा आणि चुन्याच्या चिखलाचा पिवळा दगड झाला. जैसलमेरचा किल्ला, तिथल्या हवेल्या, साधी घरं, सगळं या दगडाचं आहे. संध्याकाळच्या उन्हात तो सोन्यासारखा दिसतो म्हणून लोक त्याला सोनेरी किल्ला म्हणतात. ११५६ साली रावळ जैसल यांनी तो बांधायला घेतला. आमच्या मते त्याचं खरं नाव समुद्राचा किल्ला असायला हवं! तिथल्या दगडांत अजूनही शिंपले दिसतात.

त्या समुद्रात एक गोगलगाईसारखा गुंडाळलेल्या कवचाचा प्राणी होता. त्याला अमोनाईट म्हणतात. तुम्ही तो पाहिला असेल, पण तुम्हांला त्याचं नाव ठाऊक नसेल. कित्येकांच्या देवघरात नेपाळच्या गंडकी नदीतून आलेला शाळिग्राम असतो. त्यावर चक्र असतं ना? ते चक्र म्हणजे याच प्राण्याच्या कवचाचा ठसा. हिमालयाच्या जागी तेव्हा जो मोठा समुद्र होता, त्याचीच एक शाखा जैसलमेरवर पसरली होती. हे सांगितल्यानं देवघरातल्या शाळिग्रामाला काही कमीपणा येतो असं आम्हांला वाटत नाही.

समुद्राच्या काठाशी अजस्र सरडेही फिरत होते. त्यांना डायनासोर म्हणतात. जैसलमेरजवळ थईयात गावाच्या हद्दीत त्यांच्या पायांचे ठसे दगडात सापडले आहेत. आणि २०२३ साली रुडकीच्या आयआयटीमधल्या आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या शास्त्रज्ञांनी एक नवी जात जाहीर केली. लांब मानेचा, पाला खाणारा हा प्राणी १६ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा. त्याचं नाव ठेवलं थारोसॉरस. थारो म्हणजे थरच्या वाळवंटातला.

पुढं समुद्र मागं गेला, पुन्हा आला, पुन्हा गेला. प्रत्येक खेपेला एक नवा थर. जैसलमेरपासून काही कोसांवर हाबूर नावाचं गाव आहे. तिथला तांबूस दगड शंख-शिंपल्यांनी नुसता ठासून भरलेला आहे. त्या दगडाची भांडी करतात. त्या भांड्यात दूध ठेवलं की विरजण न लावता दही लागतं, असं तिथले लोक सांगतात. आम्ही लावून पाहिलेलं नाही.

शेवटचा समुद्र पाच कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराचा. त्यानं ठेवलेल्या दगडात गोल, चपटे, नाण्यासारखे जीव दिसतात. पैसे सांडावेत तसे. बाडमेरकडं कपूरडी गावाजवळची मुलतानी मातीही त्याच काळात साचली. आपल्या बायकांनी चेहऱ्याला लावलेली माती त्या समुद्राच्या गाळाची असू शकते!

मग हा समुद्र कायमचा का गेला? उत्तरेकडं सरकणारी आपली भूमी आशियाला जाऊन भिडली. त्या रेट्यानं हिमालय वर उचलला गेला. जैसलमेरचा मुलूखही थोडा थोडा उचलला गेला, थर कलले, काही ठिकाणी तडकले, आणि पाणी मागं हटलं ते हटलंच.

आणि वाळू? वाळू या सगळ्यात शेवटची पाहुणी. सिंधू नदीनं आणि इतर नद्यांनी डोंगरातून गाळ आणला. हवा कोरडी होत गेली. उन्हाळ्यात नैर्ऋत्येकडून सोसाट्याचा वारा सुटतो. त्यानं ती वाळू उचलून इकडं आणून टाकली. वाळूच्या कणावर शेवटचं ऊन कधी पडलं, हे मोजायची एक रीत शास्त्रज्ञांना सापडली आहे. त्या रीतीनं पाहिलं तर इथली वाळू निदान लाखभर वर्षांपासून साचते आहे. मधे मधे पाऊसकाळ चांगला आला की टेकड्यांवर गवत उगवे आणि त्या जागच्या जागी थांबत. पुन्हा हवा सुकली की चालू लागत. लाख वर्षं हा आपल्याला फार मोठा काळ वाटतो. पण १८ कोटींपुढं लाख म्हणजे काय? १८ कोटींचं एक वर्ष धरलं, तर वाळू येऊन पाच तासही झाले नाहीत.

या रानात माळढोक पक्षी आहे. आपल्या सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर जो असायचा, तोच. आता तो साऱ्या देशात फार थोडा उरला आहे आणि उरलेल्यांपैकी बहुतेक जैसलमेरच्या बाजूला आहेत. हा पक्षी वाळूच्या टेकडीवर अंडं घालत नाही. त्याला टणक, खडीची, विरळ गवताची उघडी जमीन लागते. जिथं वाळूची चादर फाटून जुना दगड वर आला आहे, तिथं अशी जमीन मिळते. म्हणजे त्याचं घरही त्या जुन्या समुद्रांनीच करून ठेवलं म्हणायचं.

आता पाण्याकडं वळू. जैसलमेरला वर्षाकाठी साधारण १५ ते २० सेंटीमीटर पाऊस पडतो. पाकिस्तानच्या सीमेकडं त्याहूनही कमी. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४ सेंटीमीटर पाऊस झाला होता. जैसलमेरला तेवढा पाऊस पडायला पाच वर्षं लागतात. तरीही तिथं माणसं शेकडो वर्षं राहत आली आहेत.

तिथले लोक पाण्याला तीन नावांनी ओळखतात. पावसाचं वरचं पाणी ते पालर पाणी. खोल विहिरीचं ते पाताळ पाणी. आणि या दोहोंच्या मधलं ते रेजाणी पाणी.

पालर पाणी धरायची रीत म्हणजे खडीन. उघड्या खडकावरून पावसाचं पाणी जिरत नाही, धावत सुटतं. खडकाच्या उताराखाली जिथं गाळाची सखल जमीन असते, तिथं आडवा मातीचा बांध घालतात. पाणी अडतं, हळूहळू जमिनीत मुरतं, आणि हिवाळ्यात त्या ओलीवर गहू-हरभरा पिकतो. पालीवाल ब्राह्मणांनी ही रीत फार वाढवली. ते तिथून गावं सोडून गेले त्याला दोनशे वर्षं होत आली, पण खडीन अजून आहेत. उताराला खडक नसता, तर खडीन जमलं नसतं.

रेजाणी पाण्याची गोष्ट याहून नवलाची आहे. वाळूत पडलेलं पाणी खाली झिरपतं. बऱ्याच ठिकाणी खाली खारं पाणी आहे. गोडं पाणी त्यात मिसळलं की संपलं. पण काही काही जागी वाळूखाली जिप्समचा किंवा चिकट पांढऱ्या मातीचा एक थर आडवा पसरलेला असतो. त्याला तिथं खडिया पट्टी म्हणतात. ती पट्टी पाण्याला खाली जाऊ देत नाही. वाळूत ओल अडकून राहते. मग लोक तिथं अरुंद विहीर खणतात. तिला कुई म्हणतात, कुठं बेरी म्हणतात. जेमतेम एक माणूस आत बसून खणू शकेल एवढी तिची रुंदी. रुंद का खणत नाहीत? ओल थेंबाथेंबानं येते. मोठ्या विहिरीत ती तळाशी पसरेल, आणि पोहरा बुडायचा नाही. शिवाय तोंड मोठं असलं की उन्हानं वाफ होऊन जाईल.

खणणाऱ्या कारागिराला चेजारो म्हणतात. खाली जीव गुदमरतो, म्हणून वरची माणसं मधून मधून मूठ मूठ वाळू जोरानं आत टाकतात. त्यानं वरची ताजी हवा खाली ढकलली जाते. वाळू ढासळू नये म्हणून खींप नावाच्या गवताचा जाड दोर वळून तो आतून वेटोळ्यांनी बसवतात. एवढं करून पाणी किती? दिवसाला दोन-तीन घडे. पण गोडं. अनुपम मिश्र यांनी आपल्या 'राजस्थान की रजत बूँदें' या १९९५ सालच्या हिंदी पुस्तकात हे सारं फार प्रेमानं लिहून ठेवलं आहे. खडिया पट्टी कुठं आहे हे गावच्या जुन्या माणसांना ठाऊक असे. पावसानंतर कुठं पाणी मुरतं, कुठं जास्त वेळ ओल राहते, यावरून ते ओळखत.

आता याच पट्टीची दुसरी बाजू पाहा. १९५८ साली पंजाबातल्या नद्यांचं पाणी वाळवंटात आणायला एक मोठा कालवा खणायला सुरुवात झाली. त्याला आज इंदिरा गांधी कालवा म्हणतात. १९८०च्या दशकात तो जैसलमेर जिल्ह्यात पोचला. या कालव्यानं फार मोठं काम केलं. जिथं बाया पाण्यासाठी कोस कोस चालत, तिथं नळ आले, शेतं आली. पण कालव्याच्या वाटेवर बऱ्याच ठिकाणी जमिनीखाली तोच जिप्समचा कठीण थर होता. शेतात भरपूर पाणी सोडलं. ते खाली जाईना. साचत साचत वर आलं, आणि येताना मीठही घेऊन आलं. चांगली शेतं चिबड झाली. तिथले लोक याला सेम म्हणतात. ज्या थरानं आजोबांना दोन घडे पाणी दिलं, त्याच थरानं नातवाचं शेत बुडवलं. दोष थराचा नव्हे. पाणी सोडण्याआधी खाली काय आहे, हे पुरतं पाहिलं गेलं नाही.

जैसलमेरच्या किल्ल्यावरही असंच झालं. पूर्वी लोक पाणी घड्यानं वर नेत आणि जपून वापरत. नळ आल्यावर वापर कैक पटींनी वाढला. सांडपाणी टेकडीत मुरलं. टेकडीत चिकणमातीचे मऊ थर आहेत. ते भिजले आणि काही बुरूज-भिंती ढासळल्या.

राहिलं पाताळ पाणी. लाठीचा थर आठवतो ना? ज्या वाळूत आकलची झाडं गाडली गेली, तो? वाळूच्या दगडात बारीक बारीक पोकळ्या असतात. स्पंजासारखं त्यात पाणी भरून राहतं. जैसलमेर जिल्ह्यात कित्येक कूपनलिका याच थरातून पाणी उपसतात. पाणी गोडं आहे, भरपूर आहे. पण ते पडलं कधी? मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी जैसलमेरच्या बाजूच्या खोल पाण्याची तपासणी केली आहे. पाण्यातल्या कार्बनवरून त्याचं वय काढता येतं. ते निघालं हजारो वर्षांचं. म्हणजे हवा आजच्याहून दमट होती तेव्हा पडलेलं हे पाणी आहे. आजचा पाऊस त्यात फारशी भर घालत नाही. आपल्याकडं विहीर उन्हाळ्यात आटते आणि मृगानंतर पुन्हा भरते. हे तसं नाही. हे वडिलांनी पुरून ठेवलेलं धान्याचं पेव आहे. काढाल तेवढं कमी होणार.

जैसलमेरच्या उत्तरेला, कालव्याच्या टोकाकडं, मोहनगढ नावाचं गाव आहे. डिसेंबर २०२४ मध्ये तिथं एका शेतकऱ्याच्या शेतात कूपनलिका खणत होते. सुमारे ८५० फूट खाली गेल्यावर पाणी एकदम उसळून वर आलं. पंपानं नव्हे, आपल्या आपण! खाली चिकणमातीच्या जाड झाकणाखाली पाणी दाबून कोंडलेलं होतं. झाकणाला भोक पडलं आणि कोंडलेला दाब मोकळा झाला. पाण्याबरोबर पांढरी वाळू आणि चिखल बाहेर आला, भोवतालची जमीन खचली. ज्या मालमोटारीवर खणायचं यंत्र होतं ती यंत्रासकट आत गेली. शेतात पाणीच पाणी झालं. सरकारी माणसांनी लोकांना तिथून दूर केलं. कुणी म्हणालं सरस्वती नदी वर आली, कुणी म्हणालं चमत्कार झाला. दोन दिवस पाणी वाहत राहिलं, आणि मग जसं आलं तसं आपोआप थांबलं.